साठीचा अनुशेष

पत्र :

नमस्कार,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, माहेर सांगलीचं. १९९८ मध्ये ह्यांच्या मागे एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आले. तेरा वर्षं घरीच होते, मुलांचं केलं. २०११ च्या एप्रिलमध्ये एका हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात नोकरी लागली, तीच अजून चालू आहे. पगार ६८,००० डॉलर. सुरुवातीची सहा-सात वर्षं रिटायरमेंट खात्यात काहीच भरलं नाही, तेव्हा मुलांचं कॉलेज होतं. मग मैत्रिणीने रागावून सांगितलं म्हणून सहा टक्के कापायला लावले, तेवढ्यावर हॉस्पिटलचं मॅच, म्हणजे मालकाने स्वतःकडून घातलेली भर, मिळतं. आज माझ्या ४०३-बी मध्ये, म्हणजे हॉस्पिटलतर्फे असलेल्या त्या रिटायरमेंट खात्यात, ६२,००० आहेत. ह्यांच्या ४०१-के मध्ये, त्यांच्या कंपनीतल्या तशाच खात्यात, सात लाख. हे दर वर्षी नेहमीचं लिमिट पूर्ण भरतात, त्याच्या वरचं कधी भरलं नाही.

मागच्या डिसेंबरात घराचा हप्ता संपला. महिन्याला २,४०० जायचे (प्रॉपर्टी टॅक्स सोडून), ते आता हातात राहतात. त्यातच जानेवारीत एचआरची मेल आली की यंदा मी ३५,७५० पर्यंत भरू शकते. मला वाटलं चुकून आली, कारण मला आता साठावं लागलंय, साठ पूर्ण व्हायला डिसेंबरची ९ तारीख उजाडेल. ह्यांना त्यांच्या कंपनीचं वेगळंच पत्र आलं : पन्नाशीनंतरची जादा रक्कम भरायची असेल तर ती रॉथमध्येच, म्हणजे आधी कर भरून टाकायच्या कप्प्यातच, जाईल. हे म्हणतात, हा दंडच झाला, आणि तसंही तो नियम दीड लाखाच्या वरच्यांना आहे, माझ्या डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर) १,४८,५०० आहेत, कंपनीने घोळ घातलाय. शिवाय जूनमध्ये ह्यांना चौसष्टावं लागतंय, म्हणजे साठ ते त्रेसष्ट वयाला आणखी जास्त भरायची जी सवलत आहे, तिच्यातून हे बाहेरच, असं त्यांचं म्हणणं.

दीर म्हणतात, वाकडला फ्लॅट घ्या. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न निघेल असं दिसतंय. हे म्हणतात, आता या वयात भरून काय होणार, माझे सात लाख आहेत ना, ते आपले दोघांचेच. खरं आहे ते. तरी मला वाटतं की माझ्या नावावर काहीतरी असावं. उशीर झालाय का?

– स. क.

उत्तर :

प्रिय स. क.,

तुमचं पत्र वाचताना मला विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष आठवला. लहानपणापासून आकाशवाणीवर ऐकलेला शब्द : मागे जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्याचा साचलेला हिशेब. तुम्ही विचारताय तो तुमच्या तेरा अधिक सात, अशा वीस वर्षांचा अनुशेष. अमेरिकेच्या कायद्यात पन्नाशीनंतर जादा भरायच्या रकमेला 'कॅच-अप' म्हणतात. नाव ऐकून वाटतं की मागचं राहिलेलं भरून काढायची ही सोय आहे. तसं ते नाही. तुम्ही मागे किती भरलं, किती चुकवलं, हे कोणी विचारत नाही. पंचविशीपासून दर वर्षी गच्च भरणाऱ्यालाही तेवढीच जादा मुभा आणि तुम्हालाही तेवढीच. गेलेल्या वर्षांचं लिमिट पुढे सरकत नाही. (तुमच्यापुरता याला एक अपवाद निघण्याची शक्यता आहे, त्याकडे नंतर येते. त्याच्यासाठीच मी तुमचं पत्र या वेळी निवडलं.)

आधी वयाचा गुंता सोडवू, कारण तो अगदी मराठी गुंता आहे. आपण 'लागलं' आणि 'पूर्ण झालं' यांत घोळतो, आणि इथला कायदा दोन्ही सोडून तिसरंच मोजतो. ३१ डिसेंबरला तुमची किती वर्षं पूर्ण झालेली असतील, एवढंच तो पाहतो, आणि ते उत्तर १ जानेवारीपासून लागू धरतो. तुम्ही ९ डिसेंबरला साठ पूर्ण करणार, म्हणजे २०२६ च्या पहिल्या पेचेकपासून तुम्ही त्याच्या लेखी साठीच्या. षष्ट्यब्दीची शांत डिसेंबरात करा, सवलत जानेवारीतच सुरू झाली. एचआरची मेल बरोबर आहे.

तुमच्या मिस्टरांनाही तेच माप लावा. जूनमध्ये त्यांची त्रेसष्ट पूर्ण होतील आणि 'चौसष्टावं लागेल'. कायद्याला लागण्याशी काही देणंघेणं नाही. डिसेंबरअखेर ते त्रेसष्टचेच, तेव्हा यंदा ते आत आहेत. मात्र हे त्यांचं शेवटचं वर्ष. २०२७ मध्ये ते साध्या पन्नाशीच्या कॅच-अपवर परत येतील. म्हणजे एकाच घरात एकाचं दार यंदा उघडलं आणि दुसऱ्याचं यंदा मिटतंय. तुमच्यासाठी ते २०२६, २७, २८ आणि २९ अशी चार वर्षं उघडं आहे.

आता आकडे. २०२६ साठी ४०१-के आणि ४०३-बी दोन्हींचं नेहमीचं लिमिट २४,५०० डॉलर. पन्नास किंवा जास्त वय असेल तर त्यावर ८,०००. आणि साठ ते त्रेसष्ट या चार वर्षांत त्या ८,००० च्या जागी ११,२५०. लक्षात घ्या, 'जागी', 'शिवाय' नव्हे. २४,५०० आणि ११,२५० मिळून तुमच्या मेलमधले ३५,७५०. हा चार वर्षांचा वाढीव टप्पा २०२२ च्या २९ डिसेंबरला सही झालेल्या कायद्याने आला आणि २०२५ पासून सुरू झाला. तो द्यायचाच अशी मालकावर सक्ती नाही. तुमच्या हॉस्पिटलने दिलाय हे नशीब समजा.

त्याच कायद्यात तुमच्या मिस्टरांचं रॉथचं कलम आहे. ते खरं तर २०२४ लाच लागू व्हायचं होतं, पण पगारपत्रकं करणाऱ्यांनी हात वर केले आणि आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, दोन वर्षांची मुदत दिली. गंमत म्हणजे कायदा लिहिताना एक ओळ चुकून अशी उडाली होती की अक्षरशः वाचलं तर २०२४ पासून कोणालाच कॅच-अप भरता आलं नसतं. आपण तर साधा स्कूलचा फॉर्म भरताना चार वेळा तपासतो.

असो. कंपनीने घोळ घातलेला नाही. डब्ल्यू-२ काढा आणि दोन चौकोन शेजारी ठेवून बघा. मिस्टरांनी सांगितलेले १,४८,५०० हे बॉक्स १ मधले असणार. ती ४०१-के वजा जाऊन उरलेली, आयकराची रक्कम. हा नियम बघतो तो बॉक्स ३, म्हणजे सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) कर ज्यावर कापतात तो पगार, आणि त्यातून ४०१-के वजा होत नाही. २०२५ चं नेहमीचं लिमिट २३,५०० होतं, ते त्यांनी पूर्ण भरलं. १,४८,५०० मध्ये २३,५०० मिळवा : १,७२,०००. बॉक्स ३ मध्ये हाच आकडा दिसेल अशी माझी पैज. २०२५ मध्ये त्याच मालकाकडचा हा पगार १,५०,००० च्या वर गेला असेल, तर २०२६ चं कॅच-अप रॉथमध्येच जातं. फक्त कॅच-अप हं. पहिले २४,५०० ते पूर्वीसारखेच करापूर्वी भरू शकतात.

हा दंड आहे का? नाही. ११,२५० वर आज कर द्यायचा आणि पुढे नियम पाळून काढले की मुद्दल आणि वाढ दोन्हींवर फेडरल कर नाही. त्यांचे सातही लाख आज न-कर-भरलेल्या कप्प्यात आहेत. ते जेव्हा बाहेर येतील तेव्हा सगळेच उत्पन्न म्हणून मोजले जातील : आयकराला, सोशल सिक्युरिटीवरच्या कराला, आणि मेडिकेअरच्या, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, हप्त्यालाही, जो दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. पंच्याहत्तरीला तर त्यांना दर वर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागेल. रॉथमधून त्यांच्या हयातीत तशी सक्ती नाही. अशा माणसाकडे थोडा रॉथचा कप्पा असणं मला गैर वाटत नाही. कंपनीच्या प्लॅनमध्ये रॉथ नसतंच, तर त्यांना यंदा कॅच-अप अजिबात भरता आलं नसतं. तेव्हा ते पत्र फाडू नका.

पण आधी त्यांचं भरायचं की तुमचं?

माझं मत : तुमचं. आणि हे भावनेपोटी म्हणत नाहीये, भावनेकडे शेवटी येते. तुमचा पगार दीड लाखाच्या कितीतरी आत, म्हणजे रॉथची सक्ती तुम्हाला नाही. तुमचं कॅच-अप करापूर्वी जाऊ शकतं. तुम्ही दोघं एकत्र रिटर्न भरता, तुमच्या उत्पन्नाचा वरचा थर २२ टक्क्यांत येतो. तेव्हा घरातला एकच कॅच-अप डॉलर आज कर वाचवू शकतो, आणि तो तुमच्या खात्यातला. त्यांचा नाही.

कागदावर मांडून बघू. तुम्ही आता सहा टक्के भरता, वर्षाचे ४,०८०. ते ३५,७५० पर्यंत नेले तर जादा जातील ३१,६७०. त्यावर २२ टक्के फेडरल कर वाचतो, जवळजवळ ६,९७०. म्हणजे घरातून प्रत्यक्ष कमी होतील २४,७००. आणि घराच्या हप्त्याचे वर्षाला मोकळे झालेले पैसे? २,४०० गुणिले बारा, २८,८००. तुमच्या राहणीमानातला एक डॉलरही न हलवता तुमचं पूर्ण लिमिट भरून ४,१०० शिल्लक राहतात. तीस वर्षं लोकांचे टॅक्स भरतेय, आकडे इतके आपणहून जुळताना फार कमी वेळा पाहिले. हप्ता संपल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तो पैसा कुठे लावला नाही तर तो स्वयंपाकघराच्या नव्या ग्रॅनाइटमध्ये जातो, हेही पाहिलंय. स्वतःच्या घरी.

न्यू जर्सीचा एक खोडा मात्र आहे, आणि तो इथले कित्येक टॅक्सवालेही सांगायला विसरतात. हे राज्य ४०१-के ची वजावट देतं, ४०३-बी ची देत नाही. म्हणून मिस्टरांच्या रकमेवर राज्याचा कर लागत नाही आणि तुमच्यावर लागतो. वरचा हिशेब मी मुद्दाम फक्त फेडरल कर धरून केला. तुम्ही एवढंच करा, दर वर्षीचा डब्ल्यू-२ एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे पैसे काढाल तेव्हा राज्याला दाखवावं लागेल की यातल्या भरणीवर तुम्ही कर आधीच दिलाय.

आता पेचेक. वर्षाला सव्वीस, प्रत्येकी २,६१५, कापण्याआधीचे. हा अंक निघेपर्यंत तुमचे चार झाले असतील, त्यांत मिळून ६२८ गेले. उरले ३५,१२२ आणि पेचेक बावीस. प्रत्येकी १,५९६, म्हणजे पगाराच्या ६१ टक्के. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे दोनशे पूर्ण पगारावर कापले जातीलच, वर राज्याचं थोडं. हातात सातशे-आठशे येतील. पहिल्यांदा तो आकडा बघून पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. घर मिस्टरांच्या पगारावर चालेल आणि तुमचा पगार तुमच्या म्हातारपणाकडे जाईल. मिस्टर म्हणतात ना, माझे ते आपले दोघांचे? मग त्यांचा पगारही दोघांचाच.

एचआरला एक विचारा, एका पेचेकमधून जास्तीत जास्त किती टक्के कापता येतात. काही ठिकाणी पन्नासवर अडतं. आणि कॅच-अपसाठी वेगळा फॉर्म आहे की २४,५०० झाले की आपोआप पुढे जातं, तेही. घाईने पंच्याहत्तर टक्के लावून सप्टेंबरातच भरून मोकळ्या होऊ नका. मॅच बहुतेक ठिकाणी प्रत्येक पेचेकवर मिळतं. तुम्ही भरणं थांबवलं की तेही थांबतं, आणि वर्षाअखेर राहिलेलं देणारे मालक थोडे. बावीस पेचेकमध्ये सारखं पसरवा.

आता तो अपवाद. तुमचं खातं ४०३-बी आहे आणि तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. शाळा, हॉस्पिटल, चर्च अशा मोजक्या मालकांसाठी एक जुनी, धूळ खात पडलेली तरतूद आहे : एकाच मालकाकडे पंधरा वर्षं नोकरी झाली आणि त्या काळात तुम्ही कमी भरलं असेल, तर वर्षाला ३,००० पर्यंत आणखी भरता येतात, आयुष्यात एकूण १५,००० पर्यंत. ही मात्र खरोखर मागे वळून बघते. नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ५,००० धरायचे आणि त्यातून तुम्ही स्वतः आजवर भरलेली रक्कम वजा करायची. तुमची पंधरा वर्षं या एप्रिलमध्ये होतात, त्याचे ७५,०००. तुम्ही सात-आठ वर्षं सहा टक्क्यांनी भरलंत, ते सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास निघेल. फरक ३,००० पेक्षा कितीतरी मोठा, तेव्हा पूर्ण ३,००० ला जागा आहे. हॉस्पिटलच्या प्लॅनमध्ये ही तरतूद घेतलेली असायला हवी, सगळे घेत नाहीत. एचआरच्या पहिल्या टेबलावरच्या मुलीला बहुधा माहीत नसेल. 'फिफ्टीन इयर्स ऑफ सर्व्हिस कॅच-अप' असं नाव घ्या, प्लॅन सांभाळणाऱ्या कंपनीला फोन करा, आणि तुम्ही सुरुवातीपासून पूर्णवेळ होता का, याचा कागद जवळ ठेवा. निघालं तर तुमचं यंदाचं लिमिट ३८,७५०. वर सांगितलेले शिल्लक ४,१०० इथे कामी येतात. विदर्भाला अनुशेषाचं महामंडळ मिळालं, तुम्हाला हे मिळतंय.

एच-४ च्या तेरा वर्षांबद्दल माझ्याकडे तसं काही नाही. नोकरी नसलेल्या जोडीदाराच्या नावाने, दुसऱ्याच्या कमाईच्या बळावर, आयआरए (मालकाशी संबंध नसलेलं, स्वतःचं रिटायरमेंट खातं) काढायची मुभा तेव्हाही होती, एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना आजही आहे. आपल्याकडच्या किती घरांत ते झालं? एच-४ वरच्या ज्या मुली हे वाचतायत त्यांनी आज रात्री जेवताना हा विषय काढावा. पन्नाशीच्या आत ७,५०० आणि त्यानंतर ८,६००, हे २०२६ चं लिमिट. पन्नाशीवरच्यांचे ते जादा १,००० डॉलर २००६ पासून २०२५ पर्यंत एका सेंटनेही वाढले नव्हते. यंदा कुठे १,१०० झाले.

त्याच आयआरएचं तुमच्यासाठी एक तातडीचं काम आहे. तुम्ही दोघांनी एकेक रॉथ आयआरए उघडा, १५ एप्रिलच्या आत, आणि त्यात जे टाकाल ते २०२५ सालासाठी म्हणून टाका. शंभर डॉलर टाकले तरी चालतील. रॉथमधली वाढ करमुक्त काढायला साडेएकोणसाठ वय लागतंच, शिवाय पहिलं रॉथ आयआरए खातं पाच करवर्षं जुनं असावं लागतं. २०२५ साठी भरलं तर ते घड्याळ १ जानेवारी २०२५ पासून चालू झालेलं धरतात आणि १ जानेवारी २०३० ला पाच वर्षं पूर्ण. मिस्टरांनी निवृत्त होताना त्यांचं रॉथ ४०१-के या खात्यात वळवलं, की तिथेही याच घड्याळाचा वेळ चालतो. २०२५ ला एकत्र उत्पन्न २,३६,००० च्या आत असणाऱ्यांना रॉथ आयआरए पूर्ण भरता येतं, तुमचं त्याच्या आतच दिसतंय. पूर्ण म्हणजे प्रत्येकी ८,०००, जमत असेल तर. नसेल तर शंभर.

मुलीच्या लग्नाची धास्ती कळते. पैसा अडकला तर ऐन वेळी काय? तुम्ही यंदा जूनमध्ये साडेएकोणसाठ पूर्ण करता. त्यानंतर काढलेल्या पैशाला दहा टक्क्यांचा दंड नाही, फक्त आयकर. नोकरीत असताना काढू देतात का, हे प्लॅनवर आहे. बरेच देतात. पण लग्नाचा खर्च यातून करायचा विचार ठेवू नका. मिस्टरांचं यंदाचं ११,२५० चं कॅच-अप जमलं तर उत्तम, आणि लग्नासाठी रोकड हवी असेल तर तेच सोडा. शेवटचं वर्ष आहे म्हणून ओढूनताणून भरायचं नाही. लिमिट ही छत आहे, तिथवर डोकं लागलंच पाहिजे असं नाही.

वाकडच्या फ्लॅटबद्दल दिरांशी वाद घालू नका, फक्त विचारा की भाडं कोण वसूल करणार आणि सोसायटीच्या मीटिंगला कोण जाणार. तुम्हाला परत जायचंय का, हा खरा प्रश्न, आणि पत्रात त्याचं उत्तर नाही. जायचं असेल तर एक सांगते. रॉथची करमाफी हे अमेरिकेने दिलेलं वचन आहे, भारत सरकारने नव्हे. अमेरिकेतल्या अशा खात्यांच्या वाढीवर दर वर्षी कर न लावता पैसे काढताना लावावा, अशी सोय भारताने २०२१ मध्ये कलम ८९-ए आणून दिली. १ एप्रिल २०२६ पासून तिथे नवा आयकर कायदा येतोय, कलमांचे आकडे बदलतील. जायच्या दोन वर्षं आधी तिकडच्या सीएशी बसा. तुमचं ४०३-बी करापूर्वी भरायचं ठरवण्यामागे माझ्या मनात हेही आहे.

आणि एक, माझ्याच चुकीचं. २०१४ मध्ये मी वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली. दोन्हीकडे जोरात कापून घेतलं आणि दोन डब्ल्यू-२ शेजारी ठेवले तेव्हा कळलं की १,९०० जास्त गेलेत. लिमिट माणसाला असतं, मालकाला नाही, आणि नव्या मालकाला जुन्याचं काही माहीत नसतं. लोकांना हेच शिकवून पोट भरणारी मी! १५ एप्रिलच्या आत धावपळ करून ते परत काढले, नाहीतर एकाच पैशावर दोनदा कर बसला असता. तुम्ही हॉस्पिटल सोडणार असाल तर त्या वर्षी हे ध्यानात ठेवा.

उशीर झालाय का, असं विचारलंत. चार वर्षं दर वर्षी ३५,७५० भरलेत तर १,४३,००० होतात. त्यात आजचे ६२,००० आणि मॅचचे वर्षाला दोन हजारांवर धरा. एक पैसाही वाढ न धरता दोन लाख ओलांडतात. आठ वर्षांत जे जमलं त्याच्या दुपटीहून जास्त तुम्ही चार वर्षांत जमवाल.

आता भावनेबद्दल. 'खरं आहे ते' असं लिहून पुढच्याच वाक्यात तुम्ही 'तरी' लिहिलंत. सात लाख दोघांचे आहेत हे मिस्टर मनापासूनच म्हणत असतील. पण माझ्या टेबलासमोर बसून, नवऱ्याच्या खात्याचा पासवर्ड काय होता हे आठवायचा प्रयत्न करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. शिकलेल्या, चांगल्या नोकरीतल्या. स्वतःच्या नावाच्या खात्याचं स्टेटमेंट दर तीन महिन्यांनी स्वतः उघडणारी बाई त्या खुर्चीत वेगळी बसते. म्हणून यंदा जे भराल ते कुठल्या फंडात पडतंय हेही स्वतः लॉग-इन करून बघा. मिस्टरांना विचारा जरूर, पण माउस तुमच्या हातात असू द्या.

एचआरला मेल सोमवारी करा, म्हणजे पुढच्या पेचेकला टक्केवारी बदलेल. रॉथ आयआरएचे फॉर्म ऑनलाइन भरताना 'कोणत्या वर्षासाठी' असा छोटा चौकोन येतो, आणि बऱ्याचदा त्यात चालू वर्ष आधीच भरलेलं असतं. दोघांच्याही फॉर्मवर तो चौकोन तुम्ही स्वतः बघा आणि २०२५ करा.